जात्याचा दगड आणि मागच्या अंगणातली पायवाट

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमची आजी अकोल्याच्या घरी मागच्या अंगणात घसरली. हाड मोडलं नाही, नशीब. पण मनगट महिनाभर सुजलेलं होतं आणि तुळशीला पाणी घालायला जायचं तिने बंद केलं. वय ८८. मी पुण्यात, आईबाबा अकोल्यात. फोनवर सगळ्यांनी तिला 'जाऊ नको मागे' एवढंच सांगितलं. मीही तेच सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मलाच कसंतरी वाटलं. मागच्या दारापासून तुळशीपर्यंत सगळं मिळून थोडंसंच अंतर. तेवढ्यासाठी एका बाईचं रोजचं फिरणं बंद करायचं?

मग आपण इंजिनियर लोक जे करतो ते मी केलं. म्हणजे शनिवारी रात्री जागून व्हिडिओ बघितले. अमेरिकेत लोक घरच्या घरी बागेसाठी सिमेंटचे गोल दगड करतात. केकच्या भांड्यात सिमेंट ओतायचं, त्यात झाडाच्या पानाचा ठसा घ्यायचा, नाहीतर काचेचे तुकडे बसवायचे, आणि हिरवळीत एकेका पावलावर एकेक दगड ठेवून द्यायचा. दिसतात फार गोड. म्हटलं, हे जमेल. मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढून अकोला गाठलं.

(मे महिना आणि अकोला. पारा ४५ च्या वर. हुशारी इथूनच सुरू झाली.)

साचा म्हणून प्लॅस्टिकचं जुनं टब घेतलं, त्याला आतून तेल फासलं. एक भाग सिमेंट, तीन भाग रेती. तळाशी चमकोऱ्याचं पान, शिरा वर येतील असं. पुण्याच्या मंडळींसाठी : चमकोरा म्हणजे तुमचं अळू. पानावर दोन इंच मसाला, मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कापून घातलेली. आजी बाजेवर बसून सगळं बघत होती. "गोटे कशाले बनवून राह्यला बाबू? गोटे इकत भेटत नाई का?" मी म्हटलं, आजी, बघ तर. संध्याकाळी टब उपडं केलं. पान सोलून काढल्यावर दगडावर शीर न् शीर उमटलेली होती. आईने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाच्या सहा दगडांना तडे.

शेजारचे मिस्त्रीकाका कुंपणावरून बघून हसले. म्हणाले, पाणी कोण मारणार? इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. सिमेंट 'वाळून' घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि अकोल्याच्या उन्हात ते पाणी क्रिया व्हायच्या आतच उडून जातं. म्हणून निदान सात दिवस ओलं गोणपाट घालून ठेवायचं. पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस. दुसरी खेप मी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली केली. मी पुण्याला परतल्यावर बाबांनी आठवडाभर पाणी मारलं. ते दगड छान झाले, आणि बाबांनीच ते अंगणात मांडले.

पहिल्या दोन मोठ्या पावसांत सगळे वाकडे झाले.

आता इथे इतिहासात शिरायला हवं, कारण या सगळ्या फजितीचं मूळ वऱ्हाडच्या मातीत आहे.

आपली काळी माती म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाचाच भुगा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या लाव्हाचे थर साचले, ते झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तिच्यावर ठेवलेली कोणतीही वस्तू वर्षभर हळूहळू हलत राहते. कापसाला ही माती सोन्यासारखी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा इंग्रजांना वऱ्हाड एकदम जवळचं वाटायला लागलं आणि त्याच दशकात रेल्वे अकोला, बडनेरा करत पुढे गेली. पण चालायला म्हणाल तर या मातीसारखी वाईट माती नाही. पावसाळ्यात दहा पावलं टाकली की प्रत्येक पायाला किलोभर गारा. (गारा म्हणजे चिखल. गारांचा पाऊस नव्हे.)

म्हणून जुने लोक शेतजमिनीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणत. घरं, भिंती, गढ्या सगळं पांढऱ्या मातीचं. दगडाचं फार थोडं, कारण पूर्णेच्या खोऱ्यात दगड सहज मिळतच नाही. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा जो खारपाणपट्टा, तिथे नदीने आणलेल्या गाळाचा थर शेकडो फूट जाड आहे. विहिरीला पाणी लागलं तरी खडक लागत नाही (आणि पाणीही खारट!). तिथे दगड म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याहून किंवा दक्षिणेकडच्या डोंगरांकडून बैलगाडीने आणायची वस्तू. अमरावतीला निजामाच्या राजवटीत १८०७ साली पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचं रक्षण करायला परकोट बांधायला घेतला, तो सव्वादोन मैल घेराचा आणि दगडी. पण त्यामागे सावकारांचा पैसा राखायची गरज होती. साध्या शेतकऱ्याच्या घरात दगड म्हणजे उंबऱ्यापाशी एखादा, पाटा-वरवंटा, आणि जातं. बस.

आजीचं माहेर दर्यापूरकडचं. ती सांगते त्यांच्या गावात पोरांना मारायला दगड सापडत नसे, ढेकूळ मारायचे.

तर वाकड्या झालेल्या दगडांकडे परत येऊ. मिस्त्रीकाकांचा सल्ला असा, की काळी माती फूटभर खणून टाका, तिथे मुरूम भरून ठोका, आणि त्यावर दगड बसवा. गणपतीच्या सुट्टीत आलो आणि कुदळ घेऊन खणायला लागलो. तिसऱ्या खड्ड्यात टण्ण आवाज आला. माती बाजूला केली तर काळा गोल दगड, मधोमध भोक. जात्याचा वरचा दगड, पालथा पडलेला. चौथ्या खड्ड्यात खालचा. पाचव्यात पाट्याचा अर्धा तुकडा!

म्हणजे आजोबांनी हे घर १९६८ मध्ये बांधलं तेव्हा याच जागी, याच कारणासाठी त्यांनीही पायवाट केली होती. आणि ती काळ्या मातीने गिळली. माझा प्रकल्प मुळात दुसरी आवृत्ती होता.

आजीला दाखवलं तर ती दगडाकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होती. "जात्यावर पाय देतेत का रे? पालथं हाय म्हनून चालते." आमच्या घरात नियम होता म्हणे : फुटलेलं जातं अंगणात टाकायचं ते तोंड खाली करून. जिथे दाणा दळला तिथे पाय लागू द्यायचा नाही. लग्नात पहिली हळद ज्याच्यावर दळतात त्या वस्तूचा एवढा मान तर राखायलाच हवा.

मी दगड उलटा केला. अर्धशतक मातीत राहूनही तोंडावरचे टाकीचे घाव स्पष्ट होते. बोट फिरवलं तर खरखरीत.

आता जातं हे यंत्र किती जुनं आहे बघा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दळायचे दगड सापडले ते पाट्यासारखे, मागेपुढे घासायचे. गोल फिरणारं जातं दख्खनमध्ये त्यानंतर बऱ्याच काळाने, सातवाहनांच्या आसपास दिसायला लागतं. म्हणजे ढोबळमानाने दोन हजार वर्षं एकच डिझाईन, फारसा बदल नाही. आपल्या क्षेत्रात पाच वर्षं टिकलं तरी त्याला लेगसी म्हणतात.

पण या यंत्राला एक अडचण होती. ते वापराने गुळगुळीत होतं. दगड गुळगुळीत झाला की दाणा फुटत नाही, नुसता सरकतो. पीठ जाड येतं आणि ओढणारीच्या खांद्याची वाट लागते. मग जात्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने ठोकून तोंड पुन्हा खरबरीत करायचं. सच्छिद्र काळा दगड जात्याला चांगला, कारण झिजताना त्याची नवी छिद्रं उघडी पडत जातात, पण टाकी त्यालाही चुकत नाही. म्हणजे हे सगळं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टवर चालणारं यंत्र, आणि त्याचा सर्व्हिस इंजिनियर गावोगाव फिरणारा.

जातं घडवायचं काम वडार समाजातल्या 'जाते वडार' मंडळींचं. आणि टाकी लावायला वऱ्हाडात येत ते टाकणकर. "तो ये, आंगनात बसे, ठकठक करे," आजी सांगत होती. "डोये मिटून करे, कपची डोयात जाय म्हनून. मायच्या जात्याले वर्सातून दोनदा टाकी लागे. पैसे नाई, जवारी देत." मग थोडं थांबून म्हणाली, "गावात आले का पयले पाटलाच्या वाड्यावर जात. नाव सांगत. मंग कामाले लागत."

हे शेवटचं वाक्य ती अगदी सहज बोलली. मी पुण्याला परत येईपर्यंत ते डोक्यात राहिलं.

कोण हे टाकणकर? रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा चार खंडी ग्रंथ जालावर फुकट वाचायला मिळतो. त्यात पारधी या नोंदीत यांची गाठ पडते : पारध्यांचीच एक शाखा, घराघरातल्या जात्यांना टाकी लावत गावोगाव फिरणारी. नावच 'टाकणे', टाकी यावरून पडलेलं. त्याच नोंदीत ते किती 'सराईत' आहेत याचीही चर्चा. त्याआधी १८८२ मध्ये मेजर गनथॉर्प नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमातीं'वर एक अख्खं टिपणवजा पुस्तक लिहिलं होतं. पारधी त्यात आहेतच.

सरकारी डोकं कसं चालत होतं ते बघा. माणूस एका गावात राहत नाही, सारा भरत नाही, घरोघरी आत अंगणापर्यंत जातो, त्याच्या हातात छिन्नी आणि हातोडा. म्हणजे नक्की घरफोड्या. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता. १९११ च्या नव्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात वापरता येऊ लागला. एखादी जमात 'अधिसूचित' झाली की त्यात जन्मलेल्या माणसाने काही केलं असो वा नसो, नोंदणी आणि हजेरी. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी! 'विमुक्त' हा शब्द तिथून आला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीत आजही टाकणकर, टाकिया ही नावं वाचायला मिळतात.

त्यांच्यात कुणी चोऱ्या केल्याच नाहीत असं मी म्हणत नाही, मला काय माहीत. माझा मुद्दा एवढाच, की ज्याच्यावाचून घरातल्या बाईचं पीठ निघत नव्हतं त्यालाच आधी पाटलाकडे नाव सांगावं लागत होतं, आणि हे गावातल्या कुणालाच विचित्र वाटत नव्हतं. आजीलाही नाही. मलाही, ती बोलली तेव्हा लगेच नाहीच वाटलं.

मग जातीच गेली. म्हणजे जाती नाहीत हो, त्या कुठे जातात! जाती म्हणजे एकापेक्षा जास्त जातं. आधी डिझेल इंजिनवरची चक्की आली, मग वीज. एका पिढीत बायका पहाटेच्या दळणातून सुटल्या, आणि ते बरंच झालं. जातं बंद पडलं म्हणून हळहळणारे बहुतेक सगळे पुरुष असतात. जात्यावरच्या ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या, ते काम थोर आहे. १९६३ च्या सुमारास सुमीतचा मिक्सर बाजारात आला आणि यथावकाश पाटाही अंगणात गेला. माणसांच्या ओव्या निदान जमवल्या गेल्या. टाकी लावणाऱ्याचं कौशल्य कुणी कुठे उतरवून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

सिमेंटचं पुढे काय झालं ते राहिलंच. जात्याचे दोन्ही दगड मुरुमावर नीट बसवले, पालथेच. मध्येमध्ये माझे पानांचे दगड. आजीचं पाऊल लहान म्हणून दोन दगडांच्या मध्यांतलं अंतर फक्त १४ इंच ठेवलं. सोळाव्या शतकात जपानमध्ये चहाच्या बागांत अशा सुट्या दगडांच्या वाटा करायची पद्धत रुजली. त्यांचा मोठा चहागुरू सेन नो रिक्यू याचं प्रमाण सांगतात ते असं : सहा भाग चालण्याची सोय, चार भाग शोभा. त्याचा शिष्य फुरुता ओरिबे याने ते उलटं केलं, चार भाग सोय आणि सहा भाग शोभा. मी नकळत ओरिबेच्या पंथातला निघालो. कारण माझे दगड पुढच्याच पावसाळ्यात शेवाळले आणि साबणासारखे झाले. तेल फासलेल्या प्लॅस्टिकच्या टबात ओतलेलं सिमेंट काचेसारखं गुळगुळीत निघतं. फोटोत ते छान दिसतं. आजीने एका दगडावर पाय ठेवला, दाराची चौकट धरली आणि परत फिरली. काही बोलली नाही.

ज्या पायवाटेमुळे ती पडू नये म्हणून एवढा खटाटोप, तिनेच ती पडली असती.

बाबा म्हणाले, चक्कीवाल्याला विचारू. कारण चक्कीच्या दगडांना आजही टाकी लागते; 'आज टाकी लावणे आहे, चक्की बंद' अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. गंमत अशी की चक्कीचे दगड बहुतेक डोंगरातून येतच नाहीत. कुरुंदाची खडी आणि मॅग्नेशियमचं एक वेगळ्या जातीचं सिमेंट कालवून ते साच्यात ओततात. फ्रान्सच्या सोरेलने १८६७ मध्ये काढलेली ही युक्ती. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक रॅन्समने त्याही आधी, १८४४ साली, वाळू चिकटवून कृत्रिम दगड करायचं पेटंट घेतलं होतं, आणि त्याच्या दगडाला 'पेटंट स्टोन' म्हणत. आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये असते त्या सिमेंटच्या फरशीला मिस्त्री लोक आयपीएस म्हणतात ना, ते इंडियन पेटंट स्टोन. म्हणजे माझा टबातला दगड आणि चक्कीचा दगड हे चुलतभाऊच. ज्याला एकाची टाकी येते त्याला दुसऱ्याचीही यायला हरकत नव्हती.

चक्कीवाल्याने पाठवलेले काका साठीचे असतील. सायकलवर आले, पिशवीत दोन छिन्न्या आणि एक हातोडा. दगड बघून म्हणाले, "हे कोनं बनवलं?" मी म्हटलं मी. "रेती बारीक झाली भाऊ." बस, तेवढाच अभिप्राय. मग उकिडवे बसले, डोळे बारीक केले आणि सुरुवात केली. मी मोजलं नाही, पण ठोके इतके एकसारखे पडत होते की आतून ऐकणाऱ्याला यंत्र वाटावं. पहिल्या दगडावर मध्यापाशी आले तेव्हा थांबून त्यांनी विचारलं, "पान ठेवायचं का?"

म्हटलं, ठेवा. त्यांनी पानाच्या कडेकडेने टाकी मारली. एकही शीर तुटली नाही.

चहा पिताना सांगत होते की वडील जात्यांना टाकी लावायचे, हे फक्त चक्कीचे दगड करतात, मुलगा एमआयडीसीत आहे. मला त्यांना विचारायचं होतं. पण काय विचारणार? 'तुम्ही टाकणकर का?' पुस्तकातून हा शब्द उचलून समोरच्या माणसाला चिकटवायचा म्हणजे गनथॉर्पसाहेबाच्या वहीत आणखी एक ओळ लिहिण्यासारखंच झालं असतं. मी त्यांना नाव विचारलं, ते त्यांनी सांगितलं, पैसे दिले.

जाताना त्यांची नजर जात्याच्या दगडांवर गेली. "हे पालथे कावून टाकले? याची टाकी हाय ना अजून. वरून करा, पाय सरकनार नाई." मी आजीकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "खालचा करा वरून. वरचा राहू द्या तसाच."

त्यांनी आणि मी मिळून खालचा दगड उलटवला. मुरूम परत ठोकून बसवायला अर्धा तास गेला, त्याचे वेगळे पैसे घ्यायला ते तयार होईनात.

सध्या मागच्या दारापासून तुळशीपर्यंत अकरा दगड आहेत. आठ माझे, एक पाट्याचा तुकडा, दोन जात्याचे. दर पावसाळ्यात ताराच्या ब्रशने शेवाळ घासावं लागतं, ते बाबा करतात. आजी सकाळी जाते. जात्याचा उलटवलेला दगड आला की ती तेवढी चप्पल काढते, आणि पुढच्या दगडावर गेल्यावर परत घालते. आम्ही सगळे तिला ओरडतो की या चप्पल काढण्या-घालण्यातच एक दिवस तोल जाईल.